सावडीचा दिवस

माझं माहेर दौंड तालुक्यातलं, केडगावच्या अंगाचं. तिकडे खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी. त्यामुळे ऊस, गुऱ्हाळं आणि बारा महिने हिरवं. सुगी बोलण्यात असायची, अंगावर नसायची. ऊसतोडीची टोळी यायची, तोडून गाड्या भरायची आणि घरच्या माणसाने बांधावर उभं राहून वजनाच्या पावत्या तेवढ्या सांभाळायच्या. लग्न होऊन भीमा ओलांडली, शिरूर तालुक्यात न्हावऱ्याच्या वस्तीवर आले, तेव्हा पहिल्याच माघात आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, जुन्या लुगड्याच्या चिंध्या पुढे टाकल्या. म्हणाल्या, "बोटांना गुंडाळ चांगल्या. नायतर उद्या भाकरी थापता यायची नाय."

रब्बीची ज्वारी आमच्याकडे कापत नाहीत, उपटतात. बुडख्यासकट आलेला कडबा लांब भरतो, आणि कापली तर मागे राहिलेली धसकटं पायाला आणि पुढच्या मशागतीला त्रास देतात. हे काम पहाटेचं. दवाने ताट मऊ असतं, पानं तुटत नाहीत. ऊन चढलं की पानं वाजायला लागतात, हाताला कापतात आणि जनावराच्या तोंडचा पाला तिथेच गळून जातो. दोन्ही मुठींत दोन-तीन ताटं धरायची, हिसका द्यायचा, बुडखा पायावर आपटून माती झाडायची आणि डावीकडे आडवं टाकायचं. भारी काळ्या रानाला तोवर हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. भेगेच्या कडेचं ताट अलगद निघतं. मधल्याला कंबरेतून जोर लावावा लागतो. कुठलं सोपं, कुठलं अवघड, हे नुसतं बघून कळत नाही. पाठीला कळतं.

ज्वारी काढायला आली की नाही, ते बघायची आत्याबाईंची पद्धत मला आवडते. कणसाच्या बुडाकडचा दाणा काढायचा, नखाने उलटा करायचा. जिथून तो कणसाला चिकटलेला असतो तिथे काळा ठिपका दिसला म्हणजे दाणा भरला. मग एक दाणा दाढेखाली. कट् वाजला की चार दिवसांत हात घालायचा. एवढं झालं की त्या रानाकडे पाहत नाहीत, वस्त्यांकडे पाहतात. कारण ज्वारी तयार असणं हा निम्मा भाग; उरलेला निम्मा म्हणजे हात.

आमची ज्वारी अडीच एकर. बाकी रान कांद्याला, थोडं गव्हाला आणि गाईंच्या घासाला. घरात जेवायला दहा माणसं, रानात वाकायला तीन: आत्याबाई, जाऊबाई आणि मी. मामांचे गुडघे गेलेत, ते गाई आणि डेअरीचं दूध बघतात. आमचे हे रांजणगावच्या एमआयडीसीत, शिफ्टला. भावजी पिकअप चालवतात. कांद्याच्या दिवसांत ते घरी फक्त अंघोळीला येतात. रांजणगावची वसाहत झाली आणि या पट्ट्यातल्या घराघरांत महिन्याच्या महिन्याला पैसा यायला लागला. त्यात आमचंही घर आहे, तक्रार नाही. पण पगाराचं माणूस ज्वारीला मिळत नाही. रजा लग्नाकार्याला आणि यात्रेला राखून ठेवलेली असते. मजूर मिळतात, पण उक्त्यावर, आणि एकराला जो आकडा सांगतात तो दिला की ज्वारीत काही उरत नाही.

म्हणून सावड. आज तुम्ही आमच्या रानात, उद्या आम्ही तुमच्या. भाकरी जिची तिने आणायची, कोरड्यास आणि चहा ज्याचं रान त्याचा. पैशाचा संबंध नाही. कांद्याचं बी, खत, डिझेल, दुधाची बिलं हे सगळं मी वहीत लिहिते, बी.ए. झालेली सून म्हणून ते खातं माझ्याकडे आलं. सावडीचं खातं मात्र आत्याबाईंच्या डोक्यात. आपले कुणाकडे किती दिवस फिरतात आणि कुणाचे आपल्याकडे, हे त्यांना गेल्या सुगीपासून तोंडपाठ असतं. भांडण झालेल्या घराचाही हिशेब त्या विसरत नाहीत. बोलणं बंद असेल तर माणूस पाठवून फेड करतात.

पलीकडच्या वस्तीवरच्या आजी सत्तरीच्या आहेत. त्या येतात, पण त्यांची पात मागे राहते. आम्ही बांधाला लागतो तेव्हा आजी अर्ध्यात असतात. जाऊबाईंनी एकदा संध्याकाळी विषय काढला, की आजींच्या एका दिवसाला आपला अर्धा दिवस पुरे. आत्याबाई चुलीपुढे होत्या. भाकरी उलटता उलटता म्हणाल्या, "दिवस म्हंजे दिवस. ती सकाळी आली, दिस मावळता गेली. तिच्या वयाचं माप तू कशाला घेती?"

मला यात नुसती माया दिसत नाही, पक्का व्यवहार दिसतो. आज मी दोघींची पात ओढते. तीस वर्षांनी मी मागे राहीन, आणि तेव्हाही माझा दिवस दिवसच धरला जाईल. कंपनीत याला पेन्शन म्हणतात आणि त्यासाठी पगारातून कापून घेतात. अर्थात या नियमाचा फायदा घेणारेही आहेत. एका घरातून दर वेळी शाळेतली पोरगीच यायची. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. त्यांच्या फेडीला आमच्याकडूनही धाकट्या वन्सं जायच्या, आणि त्या तेव्हा सातवीत होत्या.

पाळी कुणाची आधी, यावरून आमच्याकडे फारशी हुज्जत होत नाही, कारण ती माणसं ठरवत नाहीत. न्हावऱ्याचं रान एकसारखं नाही. माळाकडचं मुरमाड, हलकं. ओल संपली की तिथली ज्वारी आधी वाळते, ताटाला उंचीही नसते. खोलगट काळ्या रानातली दोन-तीन आठवडे मागे असते. आमचं रान मधलं. त्यामुळे बायका माळाकडून निघतात आणि काळ्या रानाला शेवट करतात. पूर्वीपासून हे असंच चालत आलं, आणि कोरडवाहू होतं तोवर बिनबोभाट चाललं.

आता विहिरींना बऱ्यापैकी पाणी असतं, आणि चासकमानच्या कालव्याचं आवर्तन कधीमधी आमच्या बाजूला पोचतं. आम्ही शेपटाला, त्यामुळे मिळालं तर मिळालं. ज्या वर्षी मिळतं त्या वर्षी हलक्या रानालाही एखादं पाणी बसतं, तिथली ज्वारी हिरवी राहते आणि सगळ्यांची एकदम पिकते. पाणी आलं म्हणून मोटारीपाशी जाऊन नारळ फोडायचा आणि त्याच पाण्याने सावडीची रांग मोडायची, अशी गंमत.

अशाच एका वर्षी मार्च लागला आणि आभाळ आलं. आमची ज्वारी उपटून आडवी पडलेली, चार दिवसांचं ऊन खाल्लेली. भिजली की दाणा काळा पडतो. काळ्या दाण्याला कोंबड्यांचं खाद्य म्हणून भाव, आणि भिजलेल्या कडब्याला बुरशी. एरवी हाक मारली की दहा बायका येतात. त्या दिवशी हाक मारायला तोंड नव्हतं, कारण प्रत्येकीचं आपलं आपलं रान आडवं पडलेलं होतं. सावडीचा हा भरवसा किती आणि कुठवर, हे मला तेव्हा कळलं. एकामागून एक गरज लागते तोवर ती चालते. सगळ्यांना एकाच वेळी लागली की ज्याचं त्याने बघायचं.

आमचे हे सेकंड शिफ्टला. मग मी, आत्याबाई, जाऊबाई, दोघींची मिळून चार पोरं, आणि दुधाचे कॅन घ्यायला आलेला मुलगा, त्याला आम्ही तिथेच अडकवला. पेंढ्या बांधायला वेळ नव्हता. कवळे मारून ताटं गोळा केली, कणसं आत आणि बुडखे बाहेर असे ढीग घातले आणि वर कांद्याच्या ताडपत्र्या टाकल्या. ताडपत्रीच्या कडांवर दगड ठेवायचे काम मामांचं. पण अंधार पडला तशी त्यांना दुसरी जबाबदारी मिळाली. उसाच्या कडेने अंधाराचं एकटं जायचं नाही, हा आता सगळ्या शिरूर तालुक्याचा रिवाज आहे. बिबट्याने माणसं मारलीत, लहान पोरंसुद्धा. मामा बांधावर काठी घेऊन बसले आणि मोबाइलवर मोठ्या आवाजात भजन लावलं. मोबाइलची बॅटरी संपली तेव्हा स्वतःच म्हणायला लागले. त्यांचा आवाज ऐकून बिबट्या येणार नाही याची सगळ्यांनाच खात्री पटली.

आमच्याकडे चार थेंब पडले. खालच्या अंगाला चांगली सर झाली आणि दोन घरांची ज्वारी काळी पडली. पुढच्या वर्षी आत्याबाईंनी पेरणी फोडली. वरचं वावर उत्तरा नक्षत्रात पेरलं, खालचं हस्तापर्यंत धरून ठेवलं, आणि शेजारच्या दोन घरांनाही मागेपुढे पेरायला लावलं. पाभर मागायला आलेल्या प्रत्येकाला त्या आधी विचारायच्या, "कुठलं रान पेरतोस?" कृषी सहायक येऊन सांगतात ते उत्पन्न वाढवायचं असतं, हे नुकसान वाटून घ्यायचं होतं.

हुरड्याचं मात्र वेगळं. पौष लागला की पुण्याच्या गाड्या या बाजूला फिरायला लागतात. हुरडा पार्टीचे फलक, गूळभेंडीची कणसं, गोवऱ्यांची आगटी, शेंगदाण्याची चटणी. पाहुणे ज्वारीत उभे राहून फोटो काढतात. चांगली गोष्ट आहे, चार पैसे मिळतात, कुणी नाही म्हणत नाही. महिन्याभराने उपटायच्या वेळी त्यातलं कुणी वस्तीवर दिसलं तर मी सावडीत घ्यायला तयार आहे.

उपटून वाळली की मोडणी. हे बसून करायचं काम, म्हणून सगळ्यांच्या आवडीचं. पेंढी पुढे ओढायची, कणीस विळ्याने खुडायचं, कडबा मागे सारायचा. हात आपोआप चालतात, त्यामुळे तोंड मोकळं असतं. कुणाच्या पोरीला स्थळ आलं, कुणी प्लॉट घेतला, कुणाच्या सोयाबीनचे पैसे बुडाले, हे सगळं मोडणीला कळतं. चार वाजता पोरं शाळेतून परस्पर तिथेच येतात आणि कणसांच्या ढिगावर लोळून अंग खाजवत रात्रभर रडतात. दर वर्षी सांगतो, दर वर्षी लोळतात. कोरड्यास म्हणून त्या दिवशी हुलग्याच्या शेंगोळ्या असतात. मोठ्या जर्मनच्या पातेल्यात केल्या की शेवटच्या बाईपर्यंत पुरतात आणि गार झाल्या तरी चालतात. पातेलं डोक्यावर घेऊन रानात नेणारीला उपटण्यातून सूट मिळते, असं कुणाला वाटत असेल तर तिने पहाटे साडेतीनला उठून हुलग्याचं पीठ मळून बघावं.

मळणीला आता ट्रॅक्टरवरचं यंत्र. पूर्वी खळ्यावर तिवडा रोवून बैलांची पात फिरायची, रात्री वारा सुटला की वावडीवर उभं राहून उपणायचं. ते आत्याबाईंनी केलंय, मी ऐकलंय. यंत्राने अडीच एकर एका दुपारी उरकतं. यंत्रवाला पोत्यामागे पैसे घेतो आणि त्याची पाळी लागायला सरपंचाच्या भेटीपेक्षा जास्त फोन करावे लागतात. यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या बाईने पदर खोचून वर शर्ट चढवायचा, वेणी आत घालायची, हा नियम आमच्याकडे कडक आहे. पट्ट्यात साडी गेलेली बाई आम्ही पाहिली आहे, पुढचं सांगत नाही.

यंत्र गेलं की धुरळ्यात रास उरते. मग मात्र घाई बंद. मामा अंघोळ करून येतात. राशीला हळदकुंकू, नारळ, विळा टेकून ठेवायचा, नैवेद्य दाखवायचा. मोजायला अजूनही घरातली जुनी पायली काढतात. पोती वजनकाट्यावर जाणारच असतात, पण पहिल्या पाच पायल्या हाताने. पहिलीला मामा "एक" म्हणत नाहीत, "लाभ" म्हणतात. लाभ, दोन, तीन. पोरांना हे फार आवडतं. माझा मुलगा शाळेत पाढे म्हणतानाही एकाच्या जागी लाभ म्हणून मार खायच्या बेतात होता.

2025-26 साठी मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3749 रुपये जाहीर झाला. माझ्या वहीत ज्वारीचं पान काढलं, त्यात आमच्या बायकांच्या दिवसांना मजुरी लावली आणि तिची बेरीज केली, तर दर वर्षी तोटा दिसतो. एकदा आमच्या ह्यांनी ते पान वाचून विचारलं, "मग करायची कशाला?" उत्तर गोठ्यात आहे. कडबा विकत घ्यायचा म्हटलं की शेकड्याचा भाव ऐकूनच गाय विकावीशी वाटते. काष्टीच्या शनिवारच्या जनावरांच्या बाजारात उन्हाळ्यात अशा गाई येतात. कडबा संपला म्हणून आलेल्या. हार्वेस्टरने कणीस पदरात पडतं, पण कडब्याची नासाडी होते, म्हणून दावणीला जनावर असलेला माणूस त्याला रानात घेत नाही. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, त्याचा ठराव आपल्याच देशाने मांडलेला. ज्वारी ताटात यावी म्हणून पुष्कळ बोललं गेलं, पाककृतींच्या स्पर्धा झाल्या, तालुक्याला बक्षिसं वाटली. ती रानातून कोण उपटून आणणार, हे कुणाच्या भाषणात आलेलं मी ऐकलं नाही.

दुसरं उत्तर आत्याबाईंचं. त्या लहान असताना 72 चा दुष्काळ पडला. लाल मिलोच्या भाकरी त्यांनी खाल्ल्यात, तिचा वास अजून सांगतात. तेव्हापासून घरात एक वर्षाची ज्वारी पुढची असलीच पाहिजे. नवी आली तरी जुनी संपल्याशिवाय पोतं फोडायचं नाही. त्यामुळे ताजी ज्वारी पिकवूनही आम्ही कायम गेल्या सालची खातो, आणि तिला किडा लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला, ऊन देणं, चाळणं हे सगळं आलं. पुरुषांची सुगी पोती घरात पडली की संपते. आमची तिथून महिनाभर चालते.

पत्र्याची कोठी आली तरी शेणाने लिंपलेली एक कणगी त्यांनी ओसरीच्या कोपऱ्यात ठेवली आहे, मातीच्या गोल ओट्यावर. मुलीला शाळेत इनामगावचा प्रकल्प होता. इनामगाव आमच्यापासून जवळच, घोड नदीच्या काठी. तिथे डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी 1968 पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती सापडली. मातीची घरं, सातूचं पीक, गावच्या प्रमुखाच्या घराशेजारी धान्याचं कोठार, आणि घराघरांत कणगी ठेवायचे मातीचे गोल ओटे. मुलीने पुस्तकातलं चित्र आजीला दाखवलं. आत्याबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "ओटा बुटका केलाय. उंदीर चढंल." माझ्या मनात दुसरंच आलं. कोठार सापडतं, ओटा सापडतो, जळालेले दाणेसुद्धा सापडतात. तो सातू कापायला कोण कुणाकडे गेलं आणि कुणाची फेड राहिली, ते मातीत राहत नाही.

यंदा सावडीत नवा पेच आला. माळाकडच्या एका घरातली सून रांजणगावला कंपनीत जाते. त्यांची ज्वारी आधी, त्यामुळे आमचे दिवस त्यांच्याकडे फिरत होते. आमची पाळी आली तेव्हा तिला सुट्टी मिळाली नाही. तिने आपल्या पगारातून रोज देऊन एक बाई पाठवली. बाई कामाला चांगली, पण पाच वाजता हात झाडून निघाली, कारण तिचा रोज पाचपर्यंतचा. बाकीच्या दिस मावळेपर्यंत होत्या. संध्याकाळी घरात चर्चा. जाऊबाईंचं म्हणणं, तुम्हीच म्हणता ना दिवस म्हंजे दिवस. मग झाली फेड. आत्याबाई म्हणाल्या, "फेड झाली. पर सावड नाय झाली." मी त्या सुनेच्या बाजूने बोलले. तिने घरी बसून माणूस पाठवला नव्हता, ती मशीनवर उभी होती. उद्या माझी मुलगी कंपनीत गेली, आणि जाईलच, तर तिने सावडीतून बाहेर पडायचं का? आत्याबाईंनी यावर काही उत्तर दिलं नाही. पुढच्या आठवड्यात तिची सुट्टी होती त्या दिवशी ती सून न बोलावता मोडणीला येऊन बसली. हिशेबात तो दिवस धरायचा की नाही, यावर पुन्हा चर्चा.

आता कांदा काढायला आलाय. परवा पाळ्या लावायला सगळ्या आमच्या ओसरीवर जमल्या. आत्याबाईंनी पहिला प्रश्न तिलाच केला, "तुझी सुट्टी कुठल्या वारी असती गं?" ती म्हणाली, "ठरलेली नाही आत्या, शिफ्टप्रमाणे बदलती." आत्याबाई थोडा वेळ बोटांवर हिशेब करत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे तुझ्या वहीत लिव बाई. माझ्या ध्यानात नाय राहायचं."